पहिली हाक

चंदाच्या नवऱ्याने बावीस वर्षांत तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नाही, कारण त्यांच्याकडे कोणीच मारत नाही. बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात, आणि नवरा बायकोचं नाव घेत नाही कारण त्याला लाज वाटते. तो 'अगो' म्हणतो, पोरं झाली की पोरांची आई म्हणतो, आणि फारच घाईत असला तर नुसता खाकरतो. धाऊचं खाकरणं चंदाला अर्थासकट कळायचं. एकदा खाकरला तर पाणी हवंय, दोनदा खाकरला तर दारात कोणीतरी आलंय आणि चहा टाकायचाय.

तिला टोचायचं ते वेगळंच. शहापूरच्या बाजारात भाजी घेऊन बसणारी पारू धाऊला सरळ 'धाऊ' म्हणायची.

ही पारू तानशाकडची. धाऊच्या लग्नाची सुपारी आधी तिच्याशी फुटली होती. लग्न महिन्यावर आलं आणि पारूच्या बापाला आसनगावचा कंपनीत नोकरी करणारा जावई सापडला. बापाने सोयरीक मोडली. धाऊच्या घरच्यांनी तिथी मात्र बदलली नाही, नवरी बदलली. त्याच तारखेला, त्याच मांडवात चंदा उभी राहिली, आणि पारूच्या मापाने आणलेल्या बांगड्या तिच्या मनगटात दिवसभर सैल वाजत राहिल्या. त्या बांगड्या तिने पहिल्याच पावसाळ्यात फोडून टाकल्या आणि सासूला सांगितलं की भाताची आवणी करताना फुटल्या.

नंतर सगळं सुरळीत होतं. धाऊची शेती टोकावड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. पावसात भात, मग भेंडी आणि काकडी, आणि माल न्यायला एक जुना टेम्पो. समीक्षा झाली, मोठी झाली, कॉलेजला जायला लागली. पण चार वर्षांपूर्वी पारूचा नवरा वारला, ती शहापूरच्या बाजारात बसायला लागली, आणि दोन वर्षांपूर्वी धाऊने रस्ता बदलला. गावातला सगळा माल मुरबाडला जातो. मुरबाड जवळ, रस्ताही मोठा. हा गृहस्थ मात्र सरळगावाहून वळायचा आणि किन्हवलीच्या रस्त्याने लांबच्या शहापूरला जायचा. चंदाने विचारलं तर म्हणाला, "तिथं भाव बरा भेटतो."

"कसला भाव ते कळतं आमाला," चंदा म्हणाली. धाऊने टेम्पो चालू केला.

एकदा ती हट्टाने टेम्पोत बसून सोबत गेली. धाऊ भेंडी उतरवत होता तोच पारू आपल्या जागेवरून उठली, चहाचा कप घेऊन त्याच्या अगदी समोर, नाकासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "धाऊ, घे. गार व्हईल." त्याने तो कप तिच्या हातातून घेतला. बाजूला दोन हातांवर चंदा उभी होती, पण त्याने तिच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. चंदाच्या अंगाची लाही लाही झाली. या बयेने भर बाजारात आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं, आणि त्याच्या आयुष्याला काही झालं नाही. आपण बावीस वर्षं जीभ सांभाळली ती काय हे बघायला?

त्या दिवसापासून तिला जे दिसे ते पारूचंच दिसे. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात ते खोटं नाही. धाऊ तांबेच्या तांबे पाणी प्यायचा. ही म्हणायची, पोटात काहीतरी जळतंय याच्या. धाऊ भर दुपारी पेंगायचा. ही म्हणायची, मन दुसरीकडे असलं की घरात माणसाला झोपच येणार. बाजेवर तो तिच्याकडे पाठ करून झोपायचा, आणि हे पंधरा दिवस किंवा महिनाभर नव्हे तर दोन वर्षं चाललं होतं. गौरीच्या सणाला तिने नवीन हिरवं लुगडं नेसलं आणि मुद्दाम दाराला टेकून उभी राहिली. तो शेजारून निघून गेला.

"आमी आता दिसत पण नाय का?" तिने विचारलं.

धाऊ थांबला, मान पूर्ण वळवून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दिसली नाय गो." आणि गेला. ती त्या दिवशी जेवली नाही.

मग धाऊने दिवाळीआधी टेम्पो एका धाब्याच्या पाटीवर घासला. त्याच आठवड्यात घराच्या दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. धाकटा भाऊ सुनिल त्याला जबरदस्तीने मुरबाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने यंत्रात बघितलं आणि सांगितलं की याला समोरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं दिसत नाही. घोड्याला झापडं लावतात तसं. हे डोळ्याचं दुखणं नाही, डोक्याचं आहे. कल्याणला फोटो काढला, आणि तिथून थेट मुंबईचं मोठं हॉस्पिटल.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरून दाखवला. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या बुडाशी एक गाठ होती, आणि तिला चिकटून पाण्याने भरलेली पिशवी, चांगली लिंबाएवढी. डोळ्यांच्या शिरा दाबल्या गेल्यात म्हणून कडेचं दिसत नाही, त्या म्हणाल्या. आणि तिथेच शरीराच्या सगळ्या रसांचं ठाणं असतं, ते दाबलं गेलंय म्हणून तहान, म्हणून झोप. मग चंदाकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, "नवरा-बायकोचं कसं आहे?"

चंदाने पदर तोंडाला लावला. "दोन वर्षं नाय," ती म्हणाली.

"तेही यानेच."

सगळं यानेच. तहान यानेच, झोप यानेच, पाठ फिरवणं यानेच. त्या संध्याकाळी धाऊनेही कबूल केलं. मुरबाडच्या रस्त्याला घाटावरून येणाऱ्या मोठ्या गाड्या अंगावर येत, कडेने कोण येतोय ते दिसत नसे; किन्हवलीचा रस्ता मोकळा म्हणून तो तिकडून जायचा. सांगितलं तर टेम्पो काढून घ्याल म्हणून बोलला नाही. चंदाला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठा आनंद झाला. नवऱ्याच्या डोक्यात गाठ निघाली म्हणून सुखावलेली अशी बाई त्या हॉस्पिटलात दुसरी नसेल. ऑपरेशनच्या आधीचे चार दिवस तिने त्याची जेवढी सेवा केली तेवढी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही केली नव्हती.

ऑपरेशन सात तास चाललं. नंतर डॉक्टरीणबाईंनी चंदाला आणि सुनिलला बाहेर बाकावर बसवलं. गाठ काढली होती. "पण त्या पिशवीतलं पाणी साधं नसतं," त्या म्हणाल्या. "काळपट, घट्ट, गाडीच्या जळक्या ऑइलसारखं. आम्ही ते ओढून घेतलं, धुतलं, तरी थोडं आजूबाजूला झिरपलंच. ते रक्तवाहिन्यांना झोंबतं. लगेच काही होत नाही. पाच-सहा दिवसांनी, कधी दहा दिवसांनी, त्या वाहिन्या आवळायला लागतात. आवळल्या की मेंदूच्या त्या भागाला रक्त कमी पडतं. म्हणून नीट ऐका. बोलण्यात, हातापायात, शुद्धीत एवढासा जरी फरक वाटला तरी तेव्हाच्या तेव्हा सिस्टरला सांगायचं. क्षुल्लक वाटलं तरी. वेळ गेली की तो भाग गेला."

चंदाने मान डोलावली. जळकं ऑइल तिला ठाऊक होतं. वाळवी लागू नये म्हणून घराच्या मेढींना ते दरवर्षी फासतात. मेढीचं लाकूड काळं पडतं आणि हाताला लागलेला डाग चार दिवस जात नाही. ते तसलं काही नवऱ्याच्या डोक्यात सांडलंय, एवढं तिला पक्कं समजलं.

पहिले पाच दिवस चांगले गेले. वॉर्डात हेतल नावाची सिस्टर होती, हसरी आणि बडबडी. ठरल्या वेळी यायची, धाऊच्या डोळ्यात बॅटरी मारायची, हात दाबायला सांगायची आणि चंदाकडे बोट करून विचारायची, "काका, या कोण?"

"आमची मंडळी," धाऊ म्हणायचा.

"नाव काय त्यांचं?"

"नाव कशाला? समीक्षाची आई."

आजूबाजूच्या खाटांवरचे हसायचे, हेतल हसायची, आणि "काका लाजतात" म्हणून कागदावर खूण करून पुढे जायची. हा रोजचा खेळ झाला होता. चंदाला तो आवडायचा. सगळ्यांसमोर आपण कोणाची तरी मंडळी आहोत हे दिवसातून चार वेळा ऐकायला कोणाला आवडणार नाही?

सहाव्या दिवशी सकाळी साडेसहाला चहाची गाडी येऊन गेली. चंदा कप विसळून आली तेव्हा धाऊ जागा होता. तिच्याकडे सरळ बघत होता.

"पारू," तो म्हणाला, "पाणी दे."

चंदाच्या हातातले कप हातातच राहिले. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने पाणी दिलं. तो प्यायला, कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे बघत राहिला, आणि पुन्हा म्हणाला, "पारू, अजून."

आवाज स्वच्छ होता. बावीस वर्षं बायकोचं नाव घ्यायला लाजणारा माणूस ते दुसरं नाव कसं सहज घेत होता, जणू रोजच्या सवयीचं. म्हणजे गाठीचं काही नव्हतं. तहान गाठीची असेल, झोप गाठीची असेल, पण हे आधीपासूनचं होतं. एवढे सात तास कवटी उघडून गाठ काढली, आणि खालून पारू निघाली.

डॉक्टरीणबाईंचे शब्द तिला आठवले नाहीत असं नाही. बोलण्यात एवढासा फरक, असं त्या म्हणाल्या होत्या. आठवलं, आणि तिने ते बाजूला सारलं. हा कसला आजार? हे तर तिच्या लग्नाहून जुनं दुखणं. आणि सांगायचं काय? माझा नवरा मला दुसऱ्या बाईच्या नावाने हाक मारतो, सिस्टर, लिहून घ्या? शेजारच्या खाटेवरची बाई कान टवकारून बसलेलीच असायची. वॉर्डात पसरायचं, सुनिलच्या कानावर जायचं, तिथून गावात. गावाला तर सुपारीपासूनची गोष्ट पाठ. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आठ वाजता हेतल आली. बॅटरी मारली, हात दाबायला लावले. उजवा हात दाबताना "काका, जोर लावा की," असं ती म्हणाली, पण मग त्याने लावला. मग तिने रोजच्यासारखं बोट केलं. "काका, या कोण?"

धाऊने तोंड उघडलं. त्याचे ओठ एकमेकांवर आले. ते कुठल्या अक्षरासाठी मिटले ते चंदाने बघितलं, आणि तो बोलायच्या आत ती बोलली.

"अवो सिस्टर, ते नाव नाय घेत. ठाऊक हाय ना तुमाला. समीक्षाची आई म्हना आणि जा."

हेतल हसली. "आज काकूच लाजल्या," म्हणाली, कागदावर खूण केली आणि पुढच्या खाटेकडे गेली. धाऊ तिच्या पाठीकडे बघत राहिला. काहीतरी शोधावं तसे त्याचे डोळे फिरत होते. चंदाला ते दिसलं. मनात चोरी असली की माणूस असाच बघतो, असं तिने ठरवलं.

मग तिने स्टूल फिरवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. दोन वर्षं त्याने पाठ केली होती, आता तिची पाळी. धाऊ दोनदा खाकरला. ती वळली नाही. घरी गेल्यावर काय काय बोलायचं त्याची ती वाक्यं जुळवत बसली. किन्हवलीचा रस्ता मोकळा म्हणे. बांगड्यांचं काढायचं, चहाच्या कपाचं काढायचं, हिरव्या लुगड्याचं तर आधी काढायचं. दहाच्या सुमाराला तिने त्याच्यासाठी आणलेली मोसंबी सोलली आणि सगळी एकटीने खाल्ली, बीसुद्धा त्याच्या खाटेखालच्या भांड्यात थुंकली. मागे बघितलं तर तो झोपला होता. सोंग, ती मनात म्हणाली. घेऊ दे सोंग.

साडेअकराला सुनिल डबा घेऊन आला. "वैनी, दादा अजून झोपलाय?" म्हणत त्याने धाऊला हलवून जागं केलं आणि पाण्याचा ग्लास त्याच्या उजव्या हातात दिला. ग्लास हातातून सरळ खाली गेला. चादर भिजली. धाऊ आपल्या हाताकडे बघत राहिला, हात दुसऱ्याचा असावा तसा. त्याच्या ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

चंदा धावली. हेतल आली, तिच्या मागे दोन डॉक्टर, मग डॉक्टरीणबाई स्वतः. त्यांनी धाऊला तीन प्रश्न विचारले. त्याने तिन्हींना नुसता आवाज केला.

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आत्ताच. ग्लास दिला तवा," सुनिल म्हणाला.

"सकाळी बोलणं कसं होतं?"

हेतलने कागद पुढे केला. "आठ वाजता ठीक होतं, मॅडम." आणि तिने चंदाकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनीही बघितलं. "नीट आठवून सांगा. सुरुवात कधी झाली त्यावर पुढचं सगळं ठरवायचंय."

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली होती. दीर समोर उभा होता. चंदाने मनात एकदा हिशेब केला की 'आत्ताच' एवढा एक शब्द म्हटला तर कोणालाही काही कळणार नाही. तो शब्द तिच्या जिभेवर आला होता. मग तिने त्या भिजलेल्या चादरीवर पडलेल्या हाताकडे बघितलं.

"साडेसहापासून," ती म्हणाली. "मला पारू म्हनाले."

"पारू कोण?"

"दुसरी बाई हाय. माझं नाव चंदा."

"आणि आठला?"

"आठला पन तेच म्हननार होते. मीच मधी बोलले. सिस्टरची काय चूक नाय."

सुनिलने मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंनी चंदाकडे एक क्षण बघितलं, रागाने नव्हे, आणि वळून भराभर इंग्रजीत सांगायला लागल्या. पाच मिनिटांत खाट चाकांवरून निघाली.

रक्तात रंग सोडून काढलेल्या फोटोत मेंदूच्या डाव्या बाजूची वाहिनी दोऱ्याएवढी झालेली दिसली. जांघेतून बारीक नळी वर नेऊन त्या वाहिनीतच औषध सोडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं. धाऊ वाचला. उजवा हात खांद्यातून हलायचा, बोटं नाही. शब्द मात्र गेले. ऐकलेलं बरंचसं त्याला समजायचं, पण बोलायला गेला की काही यायचं नाही. 'पारू'सुद्धा नाही.

सोडायच्या दिवशी चंदाने डॉक्टरीणबाईंना एकटीला गाठलं. "मी सकाळीच सांगितलं असतं तर?"

"लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "किती बरं, ते मला सांगता येणार नाही." मग त्या म्हणाल्या, "आणि त्या नावावर जाऊ नका. त्या वेळी मेंदूला जो शब्द सापडतो तो बाहेर पडतो. हवा तो सापडत नाही."

चंदा हो म्हणाली. पण सापडायला तो शब्द आधी तिथे असावा लागतो, हे तिचं तिला कळत होतंच.

घरी आल्यावर सुनिल त्या सकाळबद्दल कधी काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याने तिला शिवी दिल्यापेक्षा जास्त लागलं. समीक्षा रोज कॉलेजातून आली की बापासमोर चित्रं घेऊन बसायची. गाय, घर, छत्री. हळूहळू 'चा' आला, 'नको' आला, एकदा 'गाय'सुद्धा आली. नावं येईनात. पोरगी उठून गेली की चंदा त्याच्या बरोबर समोर बसायची, कारण कडेचं त्याला अजून दिसत नव्हतं, आणि विचारायची, "मी कोन?" जी बाई बावीस वर्षं नावाविना सुखी होती ती आता रोज दुपारी स्वतःचं नाव मागायला बसायची. तो तिच्या तोंडाकडे बघायचा, कपाळावर आठ्या यायच्या, ओठ हलायचे, आणि मग तो थकून मान फिरवायचा.

म्हसा गावची पौषातली जत्रा होऊन गेली, आणि एका सकाळी पारू आली. एसटीने टोकावड्याला उतरून चालत आली होती, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. दुखणाईताला बघायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायची रीत नाही. चंदाने पाणी दिलं, "बसा" म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. आत म्हणजे भिंतीपलीकडे. तिथून शब्दन्‌शब्द ऐकू यायचा.

पारू बाजेच्या बाजूला न बसता पाट ओढून बरोबर धाऊच्या समोर बसली. कोणी न सांगता. चंदाने ते दाराच्या फटीतून बघितलं आणि तिचा हात साखरेच्या डब्यात तसाच राहिला.

"तुमाला कसं ठाऊक, समोर बसायचं ते?" तिने आतूनच विचारलं.

"दोन वर्षं झाली की," पारू म्हणाली. "बाजूनं चा दिला का सांडायचा तो. पयल्यांदा मला वाटलं मस्करी करतोय. मग कळलं, कडेचं दिसत नाय याला. मीच मागं लागलेली, धाऊ, डोळं दाखव, घरी सांग. म्हनायचा, सांगतो. नाय सांगितलं तुमाला?"

एका खाकरण्यावरून तहान ओळखणारी बाई चंदा. तिच्या डोळ्यांसमोर दोन वर्षं माणूस चौकटीला आपटत होता, आणि ती त्याच्या तोंडावर पारू शोधत बसली होती. आणि जिला शोधत होती तिने भेंडी विकता विकता त्याचं दुखणं ओळखलं होतं. एवढंच नाही, त्याने तिच्याजवळ ते कबूलही केलं होतं. चंदाला रडायला यायला हवं होतं, पण तिला रागच आला. ओळखलंस ते ओळखलंस, तेही माझ्या आधी?

चहा उतू जायला लागला. तिने भांडं उतरवलं, आणि तेवढ्यात बाहेरून धाऊचा आवाज आला. अडखळत, एकेक अक्षर जमिनीतून उपटून काढावं तसा.

"चं... दा."

चंदा जागच्या जागी उभी राहिली. बावीस वर्षांत तिने आपलं नाव सासूच्या तोंडून ऐकलं होतं, शेजाऱ्यांच्या, रेशनच्या दुकानात, हॉस्पिटलच्या खिडकीवर. या आवाजात कधी ऐकलं नव्हतं. तिने फटीतून बघितलं. धाऊ हसत होता. सापडल्याच्या आनंदाने त्याचं वाकडं तोंड पूर्ण उघडलं होतं, आणि तो पारूकडे बघत होता.

"मी पारू, धाऊ," पारू हळू आवाजात म्हणाली. "चंदा आत हाय."

धाऊने मान हलवली आणि तिच्याकडेच बोट केलं. "चंदा," तो पुन्हा म्हणाला, आता न अडखळता.

चंदा चहा तसाच टाकून बाहेर आली. ती कडेने आली म्हणून त्याला ती दिसली नाही. दिसायचं तर एकच जागा होती आणि तिथे पारू बसली होती. पारूने तिच्याकडे बघितलं आणि पाटावरून उठायला लागली. चंदाने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं, आणि उरलेल्या वीतभर जागेत, पारूच्या गुडघ्याला गुडघा लावून, ती स्वतः बसली. धाऊचे डोळे एकीवरून दुसरीवर गेले, परत आले, आणि मधेच कुठेतरी थांबले.

"चंदा," तो म्हणाला.

पारू गप्प राहिली. "ओ," चंदा म्हणाली. तो पुन्हा हसला, तिनेही डोळे पुसत पुन्हा "ओ" दिली, आणि संध्याकाळपर्यंत त्याने तीस-चाळीस वेळा ते नाव घेतलं, तेवढ्या वेळा तिने ओ दिली. पण पहिली हाक पारूला गेली होती, आणि ती काही आता परत घेता येणार नव्हती.